चढाचे श्रम, चढाचे सुख

घाट चढून जाण्यासाठी आज एस.टी. आहे, आगगाडी आहे, मोटार आहे. तरीही सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून सायकलवरून घाट चढायला निघालेली माणसे आपल्या दृष्टीस पडतात. त्यांचा घाम गळत असतो, छाती भात्यासारखी हलत असते, पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असतात. आणि माथ्यावर पोहोचताच ही माणसे हसू लागतात. माथ्यावर त्यांना काही काम नसते. थोडा वेळ विसावून ती आल्या वाटेने परत फिरतात. ज्या कष्टांपासून माणूस एरवी दूर पळतो, तेच कष्ट तो येथे आपणहून का मागून घेतो? आणि अशा मागून घेतलेल्या कष्टांना काही नैतिक मोल आहे का? प्रायश्चित्तकाळात उपवास पाळणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा प्रश्न परका वाटू नये, कारण कष्ट आणि पुण्य यांची सांगड घालण्याची सवय आपल्याला लहानपणापासूनच लागलेली असते.

प्रथम चढाचा स्वभाव पाहू. सपाट रस्त्यावर वेग वाढला की सायकलस्वाराला झगडावे लागते ते मुख्यतः वाऱ्याशी. तेथे पुढच्याच्या आडोशाने जाणारा आपले बरेच श्रम वाचवू शकतो. चढावर वेग उतरतो, वाऱ्याचा विरोध नाममात्र राहतो आणि आडोशाचा उपयोगही जवळजवळ संपतो. उरते ते केवळ वजन, आणि ते ज्याचे त्यानेच वर न्यायचे असते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून वेगळा मान मिळतो, तो यामुळेच.

हे वजन तरी किती? सत्तर किलोचा माणूस आणि पंधरा किलोची सायकल शंभर मीटर उंच न्यायची तर सुमारे ८३ हजार ज्यूल इतके काम करावे लागते. आपले शरीर अन्नातील शक्तीचा साधारण चौथा हिस्साच प्रत्यक्ष कामी लावू शकते, हे धरूनही हिशेब ८० कॅलरींच्या आसपास येतो. म्हणजे एका केळ्याची शक्ती! मग इतकी दमछाक का व्हावी? कारण चढावर उधारी चालत नाही. सपाटीवर पाय थांबले तरी चाके काही अंतर धावतात. चढावर पाय थांबले की सायकल जागच्या जागी थांबते. प्रत्येक हाताचे मोल रोख मोजावे लागते. आमच्या मते चढाच्या सुखाचे मूळही येथेच आहे. जितके दिले तितकेच मिळाले, असा चोख व्यवहार रोजच्या जीवनात क्वचितच अनुभवास येतो. त्यात भर म्हणजे मंद गतीचे दान. पुढचे वळण एवढेच ध्येय उरते, मनातली गर्दी ओसरते आणि मोटारीतून कधीच न दिसलेले कड्यावरचे गवत, झऱ्याची ओल आणि पाखराचा आवाज जाणवू लागतो.

परंतु कष्टांत सुख असते म्हणून अधिक कष्ट म्हणजे अधिक पुण्य, असे म्हणता येईल काय? सायकलच्या इतिहासात हा वाद एका यंत्राच्या निमित्ताने रंगला. फ्रान्समधील सेंत-एतिएन येथील पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) यांनी गिअर बदलण्याच्या सोयीचा हिरिरीने पुरस्कार केला. उलट ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांना ही सोय म्हणजे वयस्कांचा आणि दुर्बळांचा आधार वाटे. बदलत्या गिअरच्या आधुनिक यंत्रणेला त्या शर्यतीत मुभा मिळाली ती १९३७ साली. वास्तविक गिअर डोंगराची उंची एका बोटानेही कमी करीत नाही. तो ओझे अधिक फेऱ्यांमध्ये वाटून देतो, इतकेच. गुडघे फुटेपर्यंत जड गिअर रेटण्यात कोणता सद्गुण आहे, हे आम्हांला अद्याप उमगलेले नाही.

सायकलवरून उतरून चालण्याचेही तसेच. १९१० साली ही शर्यत प्रथमच पिरेनीजच्या उंच खिंडींतून गेली. कच्चे रस्ते, अवजड सायकली आणि २११५ मीटर उंचीची तुर्मालेची खिंड! ती चढ न उतरता पार करणाऱ्या ग्युस्ताव्ह गारिगू यांना शंभर फ्रँकचे बक्षीस मिळाले. ऑक्ताव्ह लापीझ यांना मात्र मधूनमधून उतरून सायकल ढकलावी लागली. तरीही त्या दिवसाचा टप्पा आणि पुढे ती संपूर्ण शर्यत लापीझ यांनीच जिंकली. गारिगूंचा पराक्रम खराच. परंतु उतरून चालणारा हरला, असे मानण्याचे कारण नाही. आपल्या बळाची सीमा ओळखून पुढे जात राहणे यालाच आपण नम्रता म्हणतो.

तीन वर्षांनी, १९१३ साली, त्याच तुर्मालेच्या उतरणीवर एजेन क्रिस्तोफ यांच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. नियम असा की, दुरुस्ती ज्याची त्यानेच करायची. सायकल खांद्यावर घेऊन ते दहा किलोमीटरांहून अधिक पायी चालले, सेंत-मारी-द-कांपान या गावी लोहाराची भट्टी गाठली आणि स्वतःच्या हातांनी लोखंड तापवून, ठोकून चिमटा जोडला. दोन्ही हात कामात गुंतलेले असल्याने भाता एका मुलाने हलवला. तेवढ्यासाठी परीक्षकांनी त्यांना दंडाची मिनिटे लावली!

शर्यतीला नियम हवेतच. परंतु जीवनाचा चढ त्या परीक्षकांच्या नजरेने पाहू लागलो तर निर्दोष कोण ठरेल? ज्या रस्त्यावरून आपण चढतो तो कोणीतरी डोंगर फोडून बांधलेला असतो. सायकल कोणीतरी घडवलेली असते, पहाटेचा डबा घरी कोणीतरी भरून दिलेला असतो, आणि ज्या श्वासाच्या बळावर आपण चढतो तोही आपण मिळवलेला नसतो. पाय आपलेच मारावे लागतात, हे खरे. त्या पायांत बळ घालणारे हात मात्र अनेक असतात. कृपा आणि प्रयत्न यांचे नाते आपल्या धर्माने असेच सांगितले आहे. कृपा माणसाचे श्रम हिरावून घेत नाही. ती त्या श्रमांच्या आधीपासून तेथे असते.

आता या सुखावरचा सर्वांत मोठा आक्षेप विचारात घेऊ. गोव्यात पावांची टोपली सायकलच्या मागे बांधून, भोंगा वाजवीत पहाटे चढ चढणारा पोदेर आपण पाहतो. मुंबईत पुलाचा चढ हातगाडी रेटत पार करणारा हमाल पाहतो. त्यांना जाऊन चढाचे सुख सांगावे काय? चढाचा आनंद घेणाऱ्याला मनात येईल तेव्हा थांबण्याची मोकळीक असते. ती मोकळीक नसेल तर तोच चढ केवळ ओझे होतो. म्हणून दुसऱ्यावर लादल्या गेलेल्या कष्टांचे गोडवे गाण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपण स्वखुशीने घेतलेल्या कष्टांना मोल येते ते त्यांतून घडलेले बळ आणि समज कोणाच्या उपयोगी पडली यावरून. उपवासाचीही हीच कसोटी आहे. वाचवलेला घास भुकेल्याच्या पानात पडला नाही तर उपाशी पोटाला अर्थ कोणता?

या कसोटीवर उतरलेला एक श्रद्धावान सायकलपटू म्हणजे इटलीचे जिनो बार्ताली (१९१४-२०००). डोंगर चढण्यात त्यांची ख्याती. १९३८ आणि १९४८ अशी दहा वर्षांच्या अंतराने त्यांनी ‘टूर द फ्रान्स’ जिंकली. मधल्या युद्धकाळात फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांच्या पुढाकाराने छळग्रस्त यहुदी कुटुंबांना आश्रय देण्याचे गुप्त कार्य चालू होते. सरावाच्या मिषाने सायकल दामटीत, तिच्या नळीत बनावट ओळखपत्रांचे कागद दडवून नेल्याबद्दल जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने २०१३ साली बार्तालींचा मरणोत्तर गौरव केला. हयातीत त्यांनी या गोष्टीचा गाजावाजा केला नव्हता.

उत्तर इटलीत कोमो सरोवराच्या वर, सातशे चौपन्न मीटर उंचीवर, गिसाल्लोच्या मरियामातेचे छोटे देऊळ आहे. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी तिला सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. आत नामवंतांच्या सायकली नवसाच्या वस्तूंसारख्या टांगलेल्या आहेत. त्यांत फाबिओ कासार्तेल्ली यांची मोडलेली सायकलही आहे; १९९५ साली पिरेनीजच्या एका उतारावर पडून ते मृत्यू पावले. विजेत्याची सायकल आणि अपघातात गेलेल्याची सायकल तेथे एकाच छताखाली आहेत. चढून आलेला स्वार क्षणभर आत डोकावतो, मेणबत्ती लावतो आणि उतरणीपूर्वी ब्रेक तपासतो.

आपल्यापैकी बहुतेकांना ते देऊळ पाहण्याचा योग कदाचित येणार नाही. चढ मात्र आपल्याही वाटेवर आहेत. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी एखादी टेकडी अवश्य चढावी, दम लागला तर खुशाल उतरून चालावे. आणि त्याच रस्त्यावर कोणाची भरलेली हातगाडी चढाला अडलेली दिसली, तर आपली सायकल बाजूला उभी करून तिला मागून हात लावावा.