रुग्णशय्येजवळची साक्ष



जीवन ही अल्लाहची अमानत आहे. ती परत घेण्याची घटिका त्यानेच निश्चित केली आहे. म्हणून असह्य वेदनेतही रुग्णाचा प्राण जाणूनबुजून घेणे हराम आहे, मग ते स्वतः केलेले असो वा दयेच्या नावाने दुसऱ्याने. परंतु ज्या उपचाराने गुण येण्याची आशाच उरलेली नाही, असा उपचार रेटत राहणे बंधनकारक नाही, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. मेंदूचे कार्य कायमचे थांबल्याचे तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरविल्यास कृत्रिम यंत्रे काढता येतील, असा ठराव आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1986 साली अम्मान येथे केला.

या दोन सीमांच्या मध्ये रात्रंदिवस उभी असते ती परिचारिका. तिचे कर्तव्य काय?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यांचे अन्न थांबवावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा तिला विरोध केला तो त्यांना भरविणाऱ्या परिचारिकांनीच. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली, त्यांच्या सेवेचा गौरव केला आणि निष्क्रिय इच्छामरणाला मात्र कठोर अटींवर वाट दिली. 18 मे 2015 रोजी अरुणाताईंचे निधन झाले. तोवर जवळजवळ 42 वर्षे परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, सेवा खंडित झाली नाही.

त्या परिचारिकांनी निर्णय हाती घेतला नाही. त्यांनी साक्ष दिली: या देहाला आम्ही रोज भेटतो, याला काय रुचते आणि काय सलते ते आम्ही जाणतो. 2018 च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ झाली. त्यानुसार उपचार थांबविण्याविषयी दोन वैद्यकीय मंडळे मत देतात. त्या मंडळांत परिचारिकेसाठी आसन राखलेले नाही. तथापि रात्री तीन वाजता रुग्ण कसा कण्हला, शुद्धीत असताना काय म्हणाला, हे तिलाच ठाऊक असते. पवित्र कुरआनने साक्ष लपविणे पाप ठरविले आहे. म्हणून जे पाहिले ते निर्भयपणे डॉक्टरांना सांगणे, हा तिचा धर्मच होय.

खंदकच्या युद्धात हजरत सअद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा मदीनेच्या मशिदीत हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत त्यांची शुश्रूषा झाली. सअद (रजि.) वाचले नाहीत. तरीही रुफैदांचे नाव आजवर आदराने घेतले जाते. सेवेचे मोल रुग्ण वाचण्यावर अवलंबून नसते, नियतीवर, म्हणजे मनातील हेतूवर असते.

आता आपल्याकडे पाहा. पनवेल परिसरातील रुग्णालयांत, खारघरच्या टाटा कर्करोग केंद्रात, कोकणातून आलेली किती कुटुंबे बाकावर रात्र काढतात! पैसा संपतो, धीर सुटतो, आणि कोणी हळूच म्हणतो, “सिस्टर, आता तुम्हीच सोडवा.” बंधूंनो, हा भार तिच्यावर टाकू नका. ती नळी काढणार नाही, आणि काढूही नये. निर्णय डॉक्टर व आलिम यांच्याशी सल्लामसलत करून, कायद्याच्या चौकटीत, घरच्यांनी मिळून घ्यावा. वेदना शमविण्यासाठी डॉक्टरांनी ठरविलेल्या मात्रेत दिलेले औषध म्हणजे हत्या नव्हे, ही शंकाही मनातून काढा.

तिला मागायचेच असेल तर एवढे मागा: “अखेरची चिन्हे दिसताच आम्हाला आत बोलवा.” ती कोणत्याही धर्माची असो, ही विनंती तिला कळेल. मग कानाशी हळुवार कलिमा म्हणा, ओठ ओले करा, हात हातात घ्या. यंत्र चालू असो वा बंद, हे कर्तव्य तुमचेच आहे.

आणि तुमची मुलगी परिचर्येचे शिक्षण घेऊ इच्छीत असेल, तर तिला अडवू नका. ती रुफैदांच्या वाटेने निघाली आहे.

अल्लाह आपल्या रुग्णांना शिफा देवो, निरोप घेणाऱ्यांना ईमानासह सुलभ मृत्यू देवो आणि त्यांच्या उशाशी जागणाऱ्या हातांना उत्तम मोबदला देवो. आमीन.