नवं गाव आणि आपलं दार



जून-जुलै आला की आपल्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो सुरू होतात. कुणाच्या मुलाला बेंगळुरूला नोकरी लागते, कुणाच्या सुनेची बदली हैदराबादला होते. आपण सगळे अभिनंदन लिहितो. पण पेढे वाटून झाल्यावर जो माणूस दोन बॅगा घेऊन परक्या गावात उतरतो, त्याच्या मनाची चौकशी आपण फारशी करत नाही. फार तर सांगतो, ‘मन घट्ट कर, नामस्मरण कर, सगळं ठीक होईल.’

हे सांगणं चूक नाही. पण गाव सोडण्याचा ताण एकट्या जाणाऱ्यानेच सोसायचा असतो का?

नवं काम, नवा साहेब हे तर असतंच. पण माणूस दमतो तो बारीकसारीक गोष्टींनी. पाणी किती वाजता येतं, भाजी कुठे चांगली मिळते, रात्री ताप भरला तर दार कुणाचं वाजवायचं? जुन्या गावात ही उत्तरं आईवडिलांनी, शेजाऱ्यांनी आधीच जमवून ठेवलेली असतात. नव्या गावात दर वेळी नव्याने डोकं चालवावं लागतं.

जाणाऱ्याने थोडं आपल्या हाती ठेवावं. उठण्याची आणि जपाची वेळ तीच ठेवावी, म्हणजे दिवसातली एक गोष्ट तरी ओळखीची राहते. घरी फोन ठरलेल्या वेळी करावा आणि उगाच ‘मजेत आहे’ म्हणू नये. घरच्यांनीही पहिल्याच आठवड्यात ‘परत कधी येतोस?’ विचारू नये. त्या प्रश्नाने लेकराचा पाय ना इथे टिकतो, ना तिथे.

पण उरलेला भार त्या गावात आधीपासून राहणाऱ्यांचा आहे, असं आम्हाला वाटतं. आणि ते राहणारे म्हणजे आपणच. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा इथली आपली कितीतरी घरं होळकर, शिंदे, गायकवाडांच्या चाकरीसाठी आलेल्यांची आहेत. कुणीतरी त्यांना ओसरी दिली, म्हणून आपण इथे आहोत.

बडोद्याचंच बघा. १८७५ साली नाशिककडच्या कवळाणे गावातून बारा वर्षांचा एक मुलगा इथे दत्तक आला. त्याला शिकवायला, सांभाळायला सगळा दरबार उभा होता. तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली नोकरीसाठी त्याच बडोद्यात आले. जात पाहून कुणी राहायला जागा दिली नाही. नाव बदलून पारशी लोकांच्या धर्मशाळेत राहिले, तिथूनही हाकलले गेले. ओळखीच्यांनीही घरात घेतलं नाही. शेवटी कमाटी बागेत बसून त्यांनी गाडीची वाट पाहिली आणि मुंबईला परतले.

गाव एकच, नोकरी देणारा राजाही चांगला. विद्वत्ता किंवा मनोबल बाबासाहेबांकडे कमी होतं असं कोण म्हणेल? कमी पडली ती गावाची दारं. मग ‘मन घट्ट कर’ हा उपदेश त्या दिवशी कुणाला करायला हवा होता?

आजही खोली भाड्याने देताना आपण आधी आडनाव विचारतो, मग ‘घरात विचारून सांगतो’ म्हणतो. समोरचा समजायचं ते समजतो. आणि आपलं लेकरू बेंगळुरूत भाषा येत नाही म्हणून अवघडून उभं असतं, तेव्हा मात्र कुणीतरी त्याला सांभाळून घ्यावं असं आपल्याला वाटतं!

तेव्हा या महिन्यात एवढं करू या. आपल्या गल्लीत, सोसायटीत कुणी नवं आलं असेल, मराठी असो वा नसो, त्याला एकदा जेवायला बोलवावं. जवळच्या डॉक्टरांचा नंबर द्यावा, दूधवाला सांगावा. खोली रिकामी असेल तर माणूस बघून द्यावी, आडनाव बघून नव्हे. सद्गुरूंच्या पायाशी बसताना आपण जात विचारत नाही, मग घराच्या उंबऱ्यावर का विचारावी?

आपले,
सत्संग परिवार