उष्णता गेली कुठे?

मे महिन्यात नागपूरला ग्राफिक्स कार्ड थंड ठेवायचं म्हणजे एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते: पंखा कितीही मोठा लावा, खोलीतल्या हवेपेक्षा कार्ड थंड होणार नाही. बाहेर ४५ अंश, खोलीही तापलेली, आणि त्यात माझं आरटीएक्स ३०८० जोरात चाललं की ३२० वॉट खातं. बिल्डरांसाठी इमारतींचे थ्रीडी वॉकथ्रू करून देणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे रेंडर रात्रभर लावून ठेवावा लागतो. या कार्डाची मेमरी ११० अंशांना पोचली की कार्ड आपला वेग आपणच उतरवतं. माझं तिथवर पोचू लागलं, तेव्हा मी ते उघडायला घेतलं.

कूलर उचलल्यावर चिपवरची पेस्ट दिसली. मधोमध जवळजवळ उरलीच नव्हती. सारखं तापून आणि निवून ती कडेला सरकली होती आणि वाळून तिचे पोपडे झाले होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढल्यावर खालची चिप आरशासारखी लखलखली. तांब्याचा तळ आणि ही चिप दोन्ही दिसायला गुळगुळीत, तरी त्यांच्यात डोळ्यांना न दिसणारे खाचखळगे असतात. त्यांत हवा अडकते, आणि हवेतून उष्णता फार सावकाश जाते. ती फट भरणं एवढंच पेस्टचं काम. मेमरीवर हेच काम पॅड करतात, आणि त्यांची जाडी अचूक लागते. अर्धा मिलिमीटर जास्त झाली तर कूलर चिपवर नीट टेकतच नाही. मी मोजूनच पॅड आणले, मोठा कूलर बसवला, आणि मेमरी पुष्कळ खाली आली. पंख्याचा आवाजही उतरला.

आणि त्या रात्री खोली आधीपेक्षा जास्त तापली.

यात नवल काहीच नाही. कूलर उष्णता नाहीशी करत नाही, चिपवरून उचलून हवेत सोडतो. आधी कार्ड तापून मंद पडत होतं, आता पूर्ण जोरात चालत होतं. जेवढी वीज आत गेली, जवळपास तेवढीच उष्णता बाहेर आली. ती आली कोणाच्या अंगावर? शेजारच्या खोलीत आई झोपते, आणि माझ्या संगणकाच्या डब्याचं तोंड तिच्या दाराकडे. “आज फार उकडतंय गं,” ती एवढंच म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता.

एम.ए.ला वाचलेली सांख्यकारिका तेव्हापासून मनात घोळते आहे. सांख्य दर्शनाचा दीड हजार वर्षांइतका जुना हा ग्रंथ दुःखापासूनच सुरू होतो. दुःखावर औषध, अन्न, आसरा असे डोळ्यांना दिसणारे उपाय असताना तत्त्वज्ञान हवं कशाला, हा आक्षेप ग्रंथकर्ता ईश्वरकृष्ण स्वतःच मांडतो. त्याचं उत्तर असं की ते उपाय हमखास लागू पडत नाहीत आणि कायमचे टिकत नाहीत. पेस्ट पाहिलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी कारिका. तिथे वैदिक यज्ञालाही तोच न्याय लावला आहे. त्याचे तीन दोष सांगितले आहेत: अशुद्धी, क्षय आणि अतिशय. क्षय तर पेस्टमध्येच दिसला. अतिशय म्हणजे कोणाला कमी, कोणाला जास्त, आणि जास्तवाल्याकडे पाहून होणारी तळमळ. कार्डांच्या बाजारात तिला तोटा नाही. अशुद्धीचा अर्थ मात्र भाष्यकार यज्ञातल्या पशुहिंसेशी जोडतात. माझ्या सुखासाठी दुसऱ्या जिवाला दुखवलं, तर तो उपायच तेवढा डागाळतो. यज्ञ करणाऱ्याला स्वर्ग मिळतो हे मान्य करूनही पशूची बाजू हिशेबात धरणारा हा विचार मला फार मोठा वाटतो.

सांख्याचं पुढचं पाऊल मला घेता येत नाही. उपाय अपुरे म्हणून त्यांच्यापलीकडे जा, पुरुष म्हणजे चैतन्य आणि प्रकृती म्हणजे जड सृष्टी, यांचा विवेक करा, असं ते सांगतं. मी म्हणते, कायमचा नसलेला आरामही आरामच असतो. तापलेल्या माणसाच्या कपाळावरची ओली पट्टी थोड्या वेळात सुकते, म्हणून ती कोणी ठेवायची थांबवत नाही. टिकत नाही, हे उपाय टाकून द्यायला पुरेसं कारण नव्हे. त्याचा ताप दुसऱ्यावर ढकलला जातो, हे मात्र आहे.

योगसूत्रांच्या साधनपादात एक धागा सापडतो: जे दुःख अजून आलेलं नाही, ते टाळता येतं. कार्डाच्या बाबतीत ते अक्षरशः करता येतं. मी विजेची मर्यादा ३२० वरून २५० वॉटवर आणली. वेगाचा शेवटचा टप्पा गाठायला चिपला व्होल्टेज वाढवून द्यावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने चढतो. म्हणून तेवढा टप्पा सोडला तर वेग थोडा जातो आणि उष्णता पुष्कळ कमी होते. मुळात जन्मलीच नाही, ती उष्णता कोणाच्या खोलीत जाणार?

उरलेले २५० वॉट कुठेतरी जाणारच आहेत. डबा आता खिडकीशी ठेवला आहे, पण खिडकीखाली शेजाऱ्यांची गॅलरी येते, हे मी विसरलेले नाही. बिल्डरला सांगून ठेवलं आहे, वॉकथ्रू सकाळऐवजी दुपारी मिळेल.