नाव कोणाच्या नावावर?

हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही सेवाभावी संस्थेचे लेटरहेड पाहा. वर ठळक नाव, त्याखाली 1860 च्या कायद्यानुसार मिळालेला नोंदणी क्रमांक, शेजारी सार्वजनिक न्यासाचा ‘एफ’ क्रमांक आणि कंसात हिंगोली. या दोन क्रमांकांसाठी घटना लिहावी लागते, ठराव करावे लागतात, सह्या गोळा करताना सचिवांच्या चपला झिजतात. कागदाच्या तळाशी संकेतस्थळाचा पत्ता असतो, शेवटी ‘डॉट ऑर्ग’. तो कोणाच्या नावावर आहे असे विचारले, की अध्यक्ष सचिवांकडे पाहतात आणि सचिव म्हणतात, “ते एका कार्यकर्त्याच्या भाच्यानं करून दिलं होतं. पोरगं आता बंगळुरूला असतंय.”

माझ्या माहितीतल्या एका संस्थेचे नाव असेच गेले. भाच्याचा जुना ईमेल बंद पडलेला, नूतनीकरणाच्या सगळ्या सूचना त्याच ईमेलवर. ऑर्गच्या नियमाप्रमाणे मुदत संपून नाव खोडले गेले, तरी जुन्या धारकाला ते दंड भरून सोडवायला तीस दिवस मिळतात. पुढचे पाच दिवस ते कोणालाच घेता येत नाही. मग जो आधी हात घालेल त्याचे. संस्थेला हे कळले ते एका देणगीदाराच्या फोनवरून: “साहेब, तुमच्या साइटवर रमी लागतेय.” पोलिसांत जाऊन सांगणार काय? चोरी झालीच नव्हती.

कारण ते नाव मालकीचे नव्हतेच. ऑर्गने संपणाऱ्या एक कोटीहून अधिक नावांची मिळून एकच वही आहे. आपण पैसे भरतो ते रजिस्ट्रारकडे, म्हणजे नोंद करून देणाऱ्या दुकानात. वही सांभाळणारी रजिस्ट्री निराळी. वसमतच्या कोणी मोबाइलवर पत्ता टाकला, की इंटरनेटचे मूळ सर्व्हर सांगतात की ऑर्गची वही कोणाकडे आहे, आणि त्या वहीतली ओळ सांगते की या नावाची पुढची चौकशी कुठे करायची. ओळ निघाली तरी संस्था जागेवर असते, संगणकावरची पानेही शाबूत असतात. तिथे जायची वाट तेवढी बुजते. आणि ही ओळ एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी मिळते. म्हणून वही कोणाच्या हाती आणि तो कोणाला जबाबदार, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही.

ऑर्गची वही 2003 पासून ‘पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री’ ही अमेरिकेतली ना-नफा संस्था ठेवते. तिची स्थापना इंटरनेट सोसायटीने केली आणि वहीच्या उत्पन्नावर सोसायटीचा बराचसा खर्च भागतो. नावांच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या आयकॅनने 30 जून 2019 रोजी ऑर्गच्या दरवाढीवरची मर्यादा उठवली. तोवर वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढ करता येत नसे. तीन हजारांहून अधिक लोकांनी मते कळवली होती, जवळपास सगळी विरोधात. मर्यादा गेली ती गेलीच. त्यानंतर पाच महिनेही झाले नाहीत तोच, 13 नोव्हेंबरला सोसायटीने जाहीर केले, की ही रजिस्ट्री इथॉस कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला विकायची आहे. किंमत 113.5 कोटी डॉलर. त्यातले 36 कोटी डॉलर कर्जाऊ, म्हणजे त्या कर्जाचा बोजा शेवटी ऑर्गवाल्यांकडून येणाऱ्या शुल्कावरच पडणार.

हे ऐकून आपल्याकडचा मुरलेला विश्वस्त एकच विचारेल, “कलम 36 ची परवानगी घेतली का?” हे कलम महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 मधले. या कलमाखाली न्यासाची जमीन विकायची, बक्षीस द्यायची, अगदी शेतजमीन दहा वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची, तरी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. या परवानगीच्या दिरंगाईबद्दल संस्थाचालक हवे तेवढे कुरकुरतात, आणि ती कुरकूर खोटी नाही. पण कलमामागचा विचार पक्का आहे: लोकांसाठी म्हणून जे जमले, ते सांभाळणाऱ्याला ते एकट्याच्या मर्जीने बाजारात मांडता येणार नाही. ऑर्गच्या बाबतीत पहारा इतका ठळक नव्हता. जगभरच्या संस्थांनी आरडाओरडा केला, कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी 15 एप्रिल 2020 रोजी आयकॅनला पत्र लिहून हा व्यवहार नाकारायला सांगितले, आणि 30 एप्रिलला आयकॅनने संमती नाकारली. तसा अधिकार करारात होता, पण तो वापरायचे बळ ओरड्यातून आले असे माझे मत आहे.

आपल्या डॉट इनची गोष्ट वेगळी. ती वही 1989 मध्ये भारताला मिळाली आणि मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेकडे सोपवली गेली. तिथे नियम इतके कडक, की 1992 ते 2004 या काळात जेमतेम सात हजार नावे दिली गेली. 2005 पासून निक्सी या ना-नफा कंपनीने दार उघडले. आज नावे तीस लाखांच्या वर आहेत. 2014 पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही आहे, पण संस्थांच्या लेटरहेडवर ते मला क्वचितच दिसते. निक्सी कोणी विकत घेईल ही भीती नाही. तिथे प्रश्न उलटा: ती सरकारच्या इतकी जवळ, की सरकारवर टीका करणाऱ्या संस्थेला ऑर्गचे अंतर बरे वाटावे.

रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे राखीव आवार केले. संस्थांसाठीही असेच कुंपण घाला, अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. मला ती पटत नाही. बँक म्हणजे परवाना असलेला धंदा. सेनगावचा महिला बचत गट किंवा कयाधूच्या गाळावर काम करणारी पोरे यांच्याकडे ‘एफ’ क्रमांक नसतोही, आणि काम खरे असते. संस्थांसाठीच काढलेले ‘डॉट एनजीओ’ 2015 पासून आहे, ते चालवते ऑर्गचीच रजिस्ट्री, तरी लोक ऑर्गकडेच वळतात. ऑर्ग कधीच फक्त धर्मादाय संस्थांपुरते नव्हते. औंढ्याजवळ दुधाळ्याला होऊ घातलेल्या लायगो प्रयोगशाळेचे भारतीय संकेतस्थळ इनवर आहे, तर जगभरच्या लायगो शास्त्रज्ञांचे ऑर्गवर. कोणी कागद मागत नाही, हीच त्या वहीची ताकद. रमीवालाही त्याच दारातून आत येतो, हे मान्य करून मी हे म्हणतो.

मात्र दार उघडे असले, की आपले दप्तर आपणच नीट ठेवावे लागते. न्यासाच्या परिशिष्ट एकमध्ये जमीन येते, इमारत येते, सतरंज्या आणि लोखंडी कपाटही येते. संकेतस्थळाचे नाव मी तिथे पाहिलेले नाही. विश्वस्त बदलले की कलम 22 खाली नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो आणि बँकेतल्या सह्याही लगोलग बदलल्या जातात. त्याच ठरावात एक ओळ वाढवता येते: नाव संस्थेच्या नावे, ईमेल संस्थेचा, पासवर्ड दोघांकडे, नूतनीकरण पाच वर्षांचे एकदम. वर्षाचा खर्च सतरंजीच्या धुलाईइतका. विषयपत्रिकेत हे ‘ऐनवेळी येणारे विषय’ यांच्या आधी घ्यावे, कारण त्या विषयांची वेळ येईतो निम्मे सभासद चहाला गेलेले असतात.