‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य

वाचकहो, राज्यसत्ता झुगारली म्हणजे माणूस मुक्त होतो काय? डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे १९७१ साली काही लोक ओस पडलेल्या लष्करी बराकींत शिरले व त्यांनी ‘ख्रिस्तियानिया’ ही मुक्त नगरी घोषित केली. हे नाव ख्रिस्तियान्सहाव्हन ह्या पेठेवरून आले. नगरीने स्वतःचा ध्वज उभारला. निर्णय सर्वसंमतीने घ्यावयाचे ठरले; म्हणजे एकाचाही नकार मोलाचा. कालांतराने शस्त्रे, हिंसा व जहाल मादक द्रव्ये ह्यांना तिने बंदी केली. गांजा-चरसाचा उघड बाजार मात्र चालू राहिला. तो टोळ्यांच्या हाती गेला. २०२३ साली तेथे गोळीबारात एकाचा बळी गेला. अखेर एप्रिल २०२४ मध्ये, ज्या शासनाला नाकारले त्याचेच साहाय्य घेऊन, रहिवाशांनी त्या बाजाराच्या रस्त्याचे दगड स्वहस्ते उखडले.

नकाराचा अधिकार सर्वांना होता; परंतु बंदुकीच्या धाकापुढे तो ओठांतच राहतो. कायदा निघून गेला की त्याची जागा रिकामी राहत नाही. बलिष्ठ ती बळकावतो. म्हणून स्वातंत्र्याची पारख एकाच प्रश्नाने करावी : येथे दुबळ्याला निर्भयपणे ‘नाही’ म्हणता येते काय? आपल्या घरांत आणि मंडळ्यांतही, वाचकहो, हा प्रश्न विचारून पाहावा.