कागद आहे का?

इतिहासाच्या धंद्यात नव्याने उतरलेल्या आपल्या पोराला दोन ठिकाणी दोन सवाल होतात. विद्यापीठात विचारतात, कागद आहे का? वस्तीत विचारतात, तू कुणाच्या बाजूचा? पहिल्या सवालात संशय असतो. दुसऱ्यात माया असते, आणि मायेच्या पोटात थोडा संशय असतोच. मी गेली काही वर्षं या दोन सवालांच्या मधल्या फटीत राहतो. तिथून जे दिसलं ते मांडतो आहे, कारण प्रश्न माझ्या एकट्याच्या नोकरीचा नाही. आपल्या मेलेल्या माणसांचं आपण काय देणं लागतो? त्यांचा गौरव, की त्यांच्याबद्दलचं खरं? दोन्ही एकाच वेळी देता आलं तर बरंच. पण नाही आलं तर काय करायचं, ते बोलू.

माझं काम सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या मराठी मुलखाचं. विद्वान लोक या काळाला 'आरंभिक आधुनिक' म्हणतात. त्यात आधुनिक कोण होतं आणि कुणासाठी, हे त्यांना विचारू नये. या कामाचं रूप आधी सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं हा पंख्याखाली बसून पुस्तकं वाचतो. सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. जितके तास तितके पैसे, तेही हाती कधी पडतील ते देणाऱ्याला ठाऊक. उन्हाळ्यात तास नाही म्हणून पैसा नाही. फेलोशिप होती, ती रखडत आली आणि थिसिस संपायच्या आत संपली. उरलेल्या वेळात पुण्याला पेशवे दप्तरात बसायचं. अर्ज द्यायचा, रुमाल मागायचा. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. अशी हजारो गाठोडी तिथं आहेत. गाठ सोडली की आधी धूळ नाकात जाते, मग मोडी डोळ्यांत. बोरूनं, हात न उचलता लिहिलेली. एका शब्दाचं शेपूट पुढच्याच्या मानेत. पहिले काही महिने अक्षर लागत नाही. मग एक दिवस लागतं. साल अरबी शब्दांत असतं – इहिदे, इसन्ने, सलास. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन हाती येतो. दिवसात दोन कागद नीट लागले तर दिवस चांगला गेला म्हणायचा.

आता हे कागद जपले कशासाठी? १८१८ साली पेशवाई बुडाली, दप्तर इंग्रजाच्या हाती गेलं. कुणाचं इनाम खरं, कुणाचं खोटं हे ताडायला त्याला ते हवं होतं. म्हणजे ज्याच्यापाशी जमीन, इनाम, वतन त्याचा कागद. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याचा कागद कोण कशाला ठेवील? लिहिणारा हात कुलकर्ण्याचा, फडणिसाचा, चिटणिसाचा. आपला माणूस त्यात येतो तो कुणाच्या खर्चात, कुणाच्या गुन्ह्यात, कुणाच्या तक्रारीत. एका जागी मात्र तो साक्षीदार म्हणून येतो. गावशिवेचा तंटा पडला की शीव कुठून जाते हे महाराला विचारत. पाटलाचं रान कुठं संपतं ते त्याच्या शब्दावर ठरायचं. ज्याच्या पायांना शीव पाठ होती, त्याची कागदात ओळख काय? एक नाव, शेवटी 'नाक', आणि जात. बाप कोण, बायको कोण, काय खात होता, कशानं मेला, काही नाही. त्या 'नाक'पाशी बोट आलं की मी जरा वेळ पान उलटत नाही.

म्हणून असल्या दप्तरात काय शोधायचं, असं आपली पोरं विचारतात. बामणाचा कागद बामणाचंच सांगणार. मी म्हणतो, तसं नाही. एक उदाहरण बघा. सवाई माधवरावाच्या कारकिर्दीतला, म्हणजे १७७४ ते १७९५ या काळातला, पंढरपूरचा एक हुकूम आहे. हिरोशी फुकाझावा नावाच्या जपानी अभ्यासकानंही त्याच्यावर लिहिलं आहे. हुकमाचा मजकूर असा की देवळाजवळ चोखामेळ्याच्या दगडापाशी अतिशूद्र लोक पूजेला येतात, जागा अरुंद आहे, जाणाऱ्या-येणाऱ्यांना त्यांचा स्पर्श होतो, ब्राह्मणांची हरकत आहे. तर त्यांनी तिथं न येता दूर दीपमाळेपाशी किंवा आपल्या वस्तीजवळून पूजा करावी. हा कागद आपल्याला हाकलण्यासाठीच लिहिला. पण तो नकळत काय बोलून जातो? की आपली माणसं येत होती. इतकी येत होती की वाट अडत होती. कुणीच आलं नसतं तर हुकूम कशाला लागला असता? पंढरपूरचं देऊळ उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. त्या देवळाच्या भिंतीपर्यंतची रेटारेटी मात्र त्याच्या दीडशेहून जास्त वर्षं आधीची आहे, आणि तिचा दाखला रेटणाऱ्यांनी नव्हे, ढकलणाऱ्यांनी लिहून ठेवला. मालकाचा कागद असा उलटा धरून वाचायचा असतो. त्यासाठी तो वाचता मात्र आला पाहिजे.

आता अवघड भागाकडे येतो. एका मुलाखतीत मला विचारलं गेलं, "तुम्ही लोक नेहमी गळ्यात मडकं नि कमरेला झाडू म्हणता. पेशवे दप्तरात त्याचा हुकूम आहे का?" विचारणाऱ्याच्या ओठावर हसू होतं. माझ्या हाताखालून गेलेल्या रुमालांत तसा हुकूम मला भेटलेला नाही. मी तसंच सांगितलं. आणि पुढंही सांगितलं, जे त्याला ऐकायचं नव्हतं.

हुकूम कधी निघतो? चाल मोडायला लागली, तंटा झाला, तेव्हा निघतो. सगळे मुकाट पाळतात त्या चालीला हुकूम लागत नाही. खेड्यात चहाच्या टपरीवर आपला कप वेगळा ठेवत, त्याचा जीआर कुणी काढला होता? दप्तर म्हणजे सरकारचा हिशोब; त्यात जे नाही ते घडलंच नाही, असं म्हणणं म्हणजे सावकाराच्या वहीत नाही म्हणून कुळाची भूक नाही म्हणण्यासारखं आहे. दुसरं, कागद फक्त दप्तरातच असतो असं कुणी ठरवलं? बाबासाहेबांनी मडकं-झाडूची गोष्ट १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये नोंदवली. त्याच्या कितीतरी आधी, १८५५ साली, मुक्ता साळवे या जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या चौदाएक वर्षांच्या मातंग मुलीनं 'ज्ञानोदया'त निबंध छापला. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, असं ती लिहिते. पेशवाई जाऊन तेव्हा सदतीस वर्षं झाली होती. तो काळ डोळ्यांनी पाहिलेली म्हातारी माणसं तिच्या वस्तीत बसलेली असणार. हा कागद नाही तर काय आहे? त्याला साल आहे, छापखाना आहे, लिहिणारीचं नाव आहे. फक्त ती फडणीस नव्हती.

इथवर तुम्ही टाळ्या वाजवाल. आता माझ्याशी भांडा. मुक्ता साळवेच्या निबंधावरून पक्कं काय ठरतं? १८५५ साली पुण्यातल्या मांगवाड्यात बाजीरावाच्या राज्याची आठवण कशी होती, ते पक्कं ठरतं. कोणत्या दिवशी कुणाचं शीर उडवलं, ते त्यावरून ठरत नाही. दोन्ही गोष्टी मी बोललो पाहिजेत. कारण 'चालीला हुकूम लागत नाही' हे माझं हत्यार दुधारी आहे. कागद नाही म्हणजे घडलंच नाही, हे खोटं. पण कागद नाही म्हणून मी म्हणेन ते घडलं, हेही खोटंच. उद्या समोरचा तेच हत्यार उचलून म्हणेल, पेशवाईत अस्पृश्यांना सुखानं वागवत, चाल होती म्हणून कागद नाही. मग काय उत्तर द्याल?

आमच्या भागातला एक कार्यकर्ता, माझा जुना मित्र, एकदा रात्री घरी आला. पत्रक काढायचं होतं. म्हणाला, "बावन्न हक्कांची सनद खरी होती एवढं तुझ्या सहीनं लिहून दे. डॉक्टर लावतोस ना नावापुढं?" गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. अमृतनाकानं बिदरच्या बादशहाच्या राणीला वाचवलं आणि बक्षीस म्हणून स्वतःसाठी काही न मागता जातीसाठी बावन्न हक्क मागून घेतले. मी त्याला म्हटलं, गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते असं लिहून देतो. सनद मी पाहिलेली नाही, ती खरी होती असं लिहून देणार नाही. तो भडकला. "त्यांनी शंभर वर्षं वाट्टेल ते लिहिलं, तेव्हा कुणी कागद मागितला? आमच्याच वेळी तुमची सत्यनिष्ठा जागी होते काय?"

त्याचा राग खोटा नव्हता. इतिहासाच्या एका ओळीला काय किंमत पडते हे आपण पाहिलं आहे. २०१७ च्या डिसेंबरअखेर वढू बुद्रुकला गोविंद गोपाळांच्या समाधीजवळच्या फलकावरून वाद पेटला आणि १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला दगड पडले. दगड मारणारा तळटीप वाचत नाही. खरं बोलल्यानं दगड चुकतो, असं मी कुणाला सांगणार नाही.

तरी मी सही दिली नाही. कारणं सांगतो, पटली तर घ्या. पहिलं, कोरेगावच्या स्तंभावर 'नाक'वाली नावं दगडात कोरलेली आहेत. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब तिथं जाऊन उभे राहिले. ते कुणी पुसू शकत नाही. त्या पक्क्या दगडाशेजारी मी न पाहिलेली सनद पक्की म्हणून ठेवली, तर सनद पक्की होत नाही, दगडावर संशय येतो. दुसरं, त्या बावन्न हक्कांत होतं काय? मेलेलं ढोर, उष्टी भाकर, खळ्यावरचं सांडलेलं. त्यांचा अभिमान वतनाला चिकटला होता, आणि ते वतन मोडावं म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात बिल आणलं. वतन कायद्यानं गेलं १९५८ साली. जी साखळी त्यांनी तोडायला घेतली तिला मी सोन्याचा मुलामा कशाला देऊ? अमृतनाकाची गोष्ट मला प्यारी आहे. काही नसलेल्या माणसांनी 'आमचंही राज्यावर उपकाराचं येणं आहे' असं ज्या गोष्टीतून म्हटलं, ती गोष्ट म्हणून ती मोठी आहे. तिला सनदेची काठी लागत नाही.

तिसरं कारण सगळ्यात कडू. दप्तरात महार-मांगांच्या तंट्यांचे कागद आहेत. गावकीतल्या हक्कांवरून, मानपानावरून दोघं सरकारात गेले. वरचा मजेत निवाडा करतो आणि खालचे दोघं एकमेकांची पायरी मोजतात. हे छापू नको, फूट पडेल, असं मला सांगितलं गेलं. मी छापणार. फूट माझ्या लेखानं पडत नाही. ती पाडली कशी गेली, हे त्या कागदात दिसतं. आणि पेशव्याच्या राज्यातला एकही अन्याय झाकायचा नाही, पण आपल्या आजोबाचा मांगाशी झालेला व्यवहार झाकायचा, हा कुठला न्याय? समता पुराव्यालाही लागू आहे.

बाबासाहेबांनी हा रस्ता घालून दिला आहे. १९४६ चं 'शूद्र पूर्वी कोण होते?' आणि १९४८ चं अस्पृश्यांवरचं पुस्तक, दोन्हींच्या प्रस्तावना वाचा. तुटलेल्या दगडांवरून शहर उभं करावं, हाडाच्या तुकड्यांवरून नाहीसा झालेला प्राणी उभा करावा, तसा इतिहास जोडावा लागतो, असं ते सांगतात. जिथं दुवा नाही तिथं कल्पनेनं सांधलं, हे ते उघड लिहितात, आणि आपला शब्द शेवटचा मानत नाहीत. त्यांनी कल्पना वापरली, पण कल्पनेला पुरावा म्हटलं नाही. खरं-खोटं, पक्कं-कच्चं वेगळं करणं हे इतिहासकाराचं पहिलं काम, हे त्यांनी मान्य केलं. एवढा मोठा माणूस स्वतःचं कच्चं उघडं ठेवतो, तर माझी काय बिशाद?

म्हणून मी वहीत तीन रकाने पाडतो. एकात कागदानं सांगितलेलं, तेही कुणाच्या कागदानं ते लिहून. दुसऱ्यात आपल्या माणसांनी सांगितलेलं, नाव-गाव-तारखेसकट. तिसरा रिकामा. तिसऱ्या रकान्यात काही भरायला हात शिवशिवतात. महजरातल्या त्या 'नाक'वाल्या माणसाला एखादं शूर मरण द्यावंसं वाटतं, एखादी बायको, एखादं गाणं. मी देत नाही. ज्याला जन्मभर दुसऱ्यांनी आपल्या सोयीनं वापरलं, त्याला मेल्यावर मीही माझ्या सोयीनं वापरू? त्याच्या रिकाम्या जागेवर 'इथं एक माणूस होता, त्याचं बोलणं कुणी लिहून घेतलं नाही' एवढं लिहिणं हेच मला त्याचं देणं वाटतं. ते भागलं असं मात्र वाटत नाही.

दुसऱ्या रकान्याचं काम तुमचं आहे. घराघरांत म्हाताऱ्या बसल्यात. त्या गेल्या की दप्तर जळाल्यासारखंच. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवा, सुधारू नका, वाढवू नका. आणि पहिल्या रकान्यासाठी मोडी शिका. आपल्यावर लिहिलेलं आपल्याला वाचता येऊ नये, ही गोष्ट आता पुरे झाली. रविवारी दुपारी मी मोकळा असतो. बोरू लागत नाही, साधं पेन चालतं. चारजण तरी या.