जपणूक म्हणजे काय?

वापरात नाही, पण टाकवतही नाही, अशी एखादी वस्तू बहुतेक घरांत असते. आमच्या घरी ती वडिलांची अँबेसेडर मोटार आहे. त्या गाड्यांचे उत्पादन २०१४ साली थांबले. आमची गाडी वर्षातून दोन-तीनदाच रस्त्यावर येई. एरवी तिच्यावर आच्छादन, दाराला कुलूप, आणि आमच्या मनात कर्तव्य केल्याचे समाधान!

गेल्या कार्तिकात आईने त्याच गाडीतून कुलदेवाच्या दर्शनास जाण्याची इच्छा दर्शविली. आम्ही किल्ली फिरविली, गाडी ढिम्म. आई काही न बोलता घरात परतली.

दोष बॅटरीला कसा द्यावा? १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी शिसे व आम्ल यांपासून असा विद्युत्संचय सिद्ध केला, तेव्हापासून तिचा स्वभाव तोच आहे. काम न करताही ती हळूहळू रिती होते. उष्ण हवेत अधिक वेगाने. रिती राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटाचे स्फटिक घट्ट धरतात आणि पुन्हा भार घेण्याची तिची शक्तीच क्षीण होते. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; आकडा १२.४ च्या खाली गेला की ती भरून घ्यावी. नुसते दोन मिनिटे इंजिन चालविल्याने जितके खर्च होते तितकेही भरून येत नाही.

न्यासांविषयीच्या १८८२ च्या कायद्याचे १५ वे कलम विश्वस्ताकडून सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या मालमत्तेची घेईल तेवढ्या काळजीची अपेक्षा करते. कुलूप होते, आच्छादन होते, असा बचाव आम्हाला सहज सुचला. परंतु नाश न करणे म्हणजेच रक्षण करणे काय? नंदादीप विझला असता “आम्ही फुंकर घातली नाही” हे सेवेकऱ्याचे उत्तर देवस्थानात कोणी मानील काय? तेल कोणी घातले नाही, एवढेच तेथे विचारले जाते.

ज्यास हा नेम झेपत नाही, त्याने ती वस्तू जपणाऱ्याच्या हाती सोपवावी. तो त्याग ठरेल. कुलूप लावून विसरणे ही मात्र हेळसांडच.

आम्ही नवी बॅटरी बसविली. आता दर पंधरवड्यास अर्धा-पाऊण तास गाडी फिरवितो. मागच्या आसनावर आई असते.